कपड्यांसकट वजन

“मी तुम्हाला विचारलंच नाहीये, बाबा,” सून म्हणाली. “मी आईंना विचारतेय. गेल्या शनिवारी दवाखान्यात आठ किलो शंभर. काल डॉक्टरांकडे सात किलो तीनशे. आठवड्यात पोर आठशे ग्रॅम उतरते कशी?”

“त्या डॉक्टरचा काटाच खोटा,” सासऱ्यांनी कुणी न मागितलेलं उत्तर पुन्हा दिलं. “सरकारी काट्यावर शिक्का असतो. त्याच्या काट्यावर आहे शिक्का?”

“आणि खाजगी माणूस तो,” मुलगा सोफ्यावर आडवा होता, तिथूनच फोनला सांगावं तसा म्हणाला. “वजन कमी दाखवलं की पावडरचे डबे खपतात. साधं गणित आहे.”

“डबा दिलाच नाही त्यांनी. म्हणाले, वजन वयाप्रमाणे ठीक आहे. फक्त कार्ड बघून हसले.”

“हसले?”

“‘हे कुणी भरलंय,’ असं विचारलं. मी नाही सांगितलं, आमच्या सासूबाईंनी म्हणून.”

जिच्यावरून हे चाललं होतं ती नऊ महिन्यांची मुलगी फरशीवर बसून आजोबांची चप्पल चावत होती. रविवारच्या त्या सकाळी घरात स्वतःचं मत नसलेली ती एकटीच.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तिला घरात आई म्हणतात, नवरा ‘अगं’ म्हणतो आणि बाकी सगळ्या वस्तीत ती सिस्टर. आपणही सिस्टरच म्हणू. वस्तीच्या आरोग्य केंद्रात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला दुसरं नाव उरत नाही.

“काय घालून टांगली होती तिला?” सिस्टरनं विचारलं.

“म्हणजे?”

“दवाखान्यात, शनिवारी. अंगावर काय काय होतं?”

सुनेनं बोटं मोजली. “लोकरीचं अंगडं, आत बंडी, जाड पायजमा, टोपी, मोजे, बूट. आणि झोळीला ती निळी दुलई. तुम्हीच म्हणालात, घरचं कापड आणा.”

“आणि डॉक्टरांकडे?”

“सगळं काढलं. लंगोटसुद्धा.”

सिस्टरनं ओट्याखालून मुलाचा छोटा वजनकाटा काढला. टाळेबंदीत मुलाला केक करायची हुक्की आली होती, तेव्हा त्यानं तो मागवला होता. दोन केक झाले, त्यातला एक फुगला नाही, आणि तेव्हापासून काटा पिठाच्या डब्यामागे होता. तिनं त्यावर परात ठेवली आणि परातीत अंगडं, बंडी, पायजमा, टोपी, मोजे, बूट आणि दुलई असा डोंगर रचला. परातीचं वजन वजा केलं.

“आठशे वीस,” ती म्हणाली.

मुलगा हसला. सासरेही हसले, काट्यावर शिक्का नव्हता तरी. “एवढंच ना,” ते म्हणाले. “मिटलं की मग. उगाच पोरीला आजारी पाडत होतात.” सूनही हसली, कारण आपलं मूल ठीक आहे हे कळल्यावर बाई हसणारच. घरापुरता प्रश्न सुटला आणि चहाचं दुसरं आधण आलं.

सिस्टर मात्र दुलईची घडी घालत बसली. एकदा घातली, मोडली, पुन्हा घातली.

बाई काही कुणी थोर नव्हती. ती खडूस होती, आणि तिच्या खडूसपणाचं एकमेव कारण वजन होतं. नोकरीला लागली तेव्हा तिला एका थोरल्या सिस्टरच्या हाताखाली टाकलं होतं. त्या बाईनं तिला तीन महिने एकच गोष्ट शिकवली. आधी झोळी, मग शून्य, मग मूल. छताच्या हुकाला गोल तबकडीचा काटा, काट्याला केंद्राची कापडी झोळी. रिकामी झोळी लटकत असताना काटा शून्यावर आणायचा, मग मूल उघडं करून आत ठेवायचं. मूल रडणार, आई बोल लावणार, थंडीत तर आज्या भांडायला उठणार. उठू देत. सिस्टर म्हणायची, “टोपी खात नाही, मूल खातं. टोपी काढा.” तीस वर्षांत या एका वाक्यापायी तिनं जितके शत्रू केले तितके एखाद्या पोलिसाचेही नसतील.

मग कार्डावर ठिपका. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. लाल पट्ट्यातल्या मुलाला दर आठवड्याला पोषणाची सात पाकिटं आणि महिन्यातून एकदा डॉक्टर. हिरव्यातल्याला शाबासकी. दोन पट्ट्यांमधलं अंतर कधी कधी एका स्वेटरएवढं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि तरीही साथ आली तेव्हा तिनं स्वेटर वजनात धरला.

कारण परिपत्रक आलं. ‘बालकास कमीत कमी स्पर्श करावा. बालकाचे कपडे उतरवू नयेत. झोळीकरिता पालकांनी घरचे स्वच्छ कापड आणावे.’ केंद्राची झोळी जंतुनाशकात बुडवून कपाटात गेली. आया आपापली चादर, शाल, पलंगपोस घेऊन यायला लागल्या. सिस्टरनं त्याच दिवशी वर फोन केला होता. कपड्यांचं वजन कमी धरायचं का, किती धरायचं, एवढंच विचारलं. तिकडचा बाबू म्हणाला, “काट्यावर दिसेल ते लिहा, सिस्टर. इथे माणसं मरतायत आणि तुम्ही टोपीचं वजन धरून बसलात.”

त्या दिवशी तो बोलला ते बरोबर होतं. माणसं खरंच मरत होती. घोळ एवढाच, की तो दिवस उलटून दीड वर्ष झालं आणि कुणीही तो फोन पुन्हा केला नाही. सिस्टरनंही नाही. पहिले दोन महिने ती तक्त्याच्या कडेला पेन्सिलीनं लिहायची, ‘चादर जाड’, ‘बुटांसह’. मग घरोघरी ताप मोजायचं काम लागलं, मग लसीच्या रांगा, मग मदतनीस मावशीच आजारी पडली. पेन्सिल राहिली. नंतर तिला त्याचं काही वाटेनासंही झालं. गैरसोयीची आठवण माणूस हरवत नाही, नीट घडी करून खालच्या कप्प्यात ठेवतो.

आकडे मात्र वाढत गेले. कामं बंद, दुकानं बंद, बायका एका वेळचं दोन वेळा पुरवतायत, आणि वस्तीतली पोरं कागदावर बाळसं धरतायत. थंडी पडली तसं पोषण फारच सुधारलं. उन्हाळ्यात जरा घसरलं, तर वरच्या बैठकीत त्याचंही कारण निघालं: उन्हात भूक मंदावते. पुन्हा थंडी आली, पुन्हा लोकर आली, पुन्हा विभाग पहिला. वरून पत्र आलं, ‘महामारीतही बालपोषणात आघाडी’. सर्वोत्तम केंद्र म्हणून सिस्टरचं केंद्र निवडलं गेलं, कारण तिच्याच वस्तीत थंडी जास्त आणि दुलया जाड.

शुक्रवारी सत्कार होता. त्यासोबत बढतीही. निवृत्तीला दोन वर्षं असताना मुख्य परिचारिका, आणि मुख्य परिचारिकेला तीन खोल्यांचं क्वार्टर. सध्याच्या दीड खोलीत पाच माणसं राहत होती आणि त्यातलं एक रात्री दोनदा रडत होतं. सुनेनं नव्या क्वार्टरमधली पूर्वेची खोली मनानं घेतलीही होती. सासऱ्यांनी बाल्कनीत खुर्ची टाकली होती, तीही मनानंच.

सासऱ्यांचं मन फार मोकळं. निवृत्त हेडक्लार्क. साथीत त्यांनी घरबसल्या देशाची काळजी वाहिली. वर्तमानपत्रावर इस्त्री फिरवली, भाज्यांना साबण लावला, दुधाच्या पिशव्यांना आंघोळ घातली. बायको ड्युटीवरून आली की तिला जिन्यातच थांबवून तिच्यावर फवारा मारायचे. फोनवर नातेवाइकांना सांगायचे, “आमच्या घरात योद्धा आहे हो,” आणि योद्ध्याचं ताट आठ महिने वेगळं, मोरीजवळ. आता निर्बंध उठल्यावर पहिला कोट त्यांनीच ड्रायक्लीनला टाकला. सत्काराला पतीलाही पुढच्या रांगेत बसवतात, असं त्यांना कळलं होतं.

सोमवारी सिस्टर वरच्या कार्यालयात गेली.

निर्बंध उठताना काय आधी उघडायचं याची एक शिस्त असते, आणि ती वरून खाली पाहिली की लगेच कळते. आधी समारंभाचं सभागृह उघडलं, मग साहेब लोकांच्या क्लबातला पोहण्याचा तलाव. सिस्टरच्या केंद्रातली वजनाची खोली अजून बंदच होती. तिथे लोखंडी अडथळे, ‘अंतर राखा’चे गोल स्टिकर आणि मुदत संपलेल्या जंतुनाशकाचे कॅन कोंबले होते. मुलं व्हरांड्यात टांगली जात होती, वाऱ्यावर. मग आया कपडे काढू देत नसत हे काही नवल नाही.

कार्यालयाच्या दारातच ‘प्राधान्यक्रम’ नावाचा कागद चिकटवला होता. चौदा मुद्दे. एक, सर्व केंद्रांच्या दर्शनी भिंती रंगवणे. दोन, कृतज्ञता फलक. तीन, योद्ध्यांची छायाचित्रे अपलोड करणे. चौथा मुद्दा तिसऱ्याची आठवण करून देणारा. क्षयरोग्यांचा पाठपुरावा अकरावर, राहून गेलेलं लसीकरण बारावर, आणि तेरावर ‘बालकांची वजने: सोयीनुसार’. चौदावा मुद्दा ‘इतर’ होता. इतरच्या वर आहोत याचं सिस्टरला समाधान वाटायला हवं होतं.

“या सिस्टर, बसा,” साहेब म्हणाले. “आता मास्क काढा की. सत्कारमूर्तीचा चेहरा तरी दिसू दे.”

तिनं मास्क काढला नाही. आठशे वीस ग्रॅमची गोष्ट सांगितली. नात, दुलई, परात, सगळं.

साहेबांना दोन मिनिटांत समजलं. तो माणूस मूर्ख असता तर फार बरं झालं असतं, मूर्खाला समजावता तरी येतं. त्यांनी चहा मागवला, दार लोटलं आणि विचारलं, “किती मुलं?”

“लालमधून वर आलेली माझ्याकडे बत्तीस आहेत. त्यांतली निम्मी तरी परत खाली जातील. त्यांची पाकिटं आपण बंद केली आहेत.”

“तुमच्याकडे. बाकी चोवीस केंद्रं?”

“परिपत्रक सगळ्यांनाच होतं.”

“म्हणजे सगळाच विभाग दुलईवर उभा आहे.” ते हसले. मग हसू पुसून म्हणाले, “हे बघा, चूक सुधारायचीच आहे. मी नाही म्हणत नाही. पण एकदम नको. आपण निर्बंध कसे उठवले? टप्प्याटप्प्यानं. तसंच करू. या महिन्यात फक्त टोप्या काढा. पुढच्या महिन्यात स्वेटर. मग बूट. ऊन वाढलं की कापड पातळ करा. सहा महिन्यांत आकडा अलगद खाली येईल. कुणाला धक्का बसणार नाही.”

“आणि मुलं?”

“मुलं कुठे पळतायत?”

चहा आला. साहेबांनी बिस्किटाची बशी तिच्याकडे सरकवली. “आणखी एक,” ते म्हणाले. “मासिक तक्त्याच्या तळाशी एक ओळ असते बघा, ‘मोजणी प्रमाणित पद्धतीने केली आहे.’ ओळ छापील असते. सही छापील नसते, सिस्टर. अठरा तक्ते आहेत. दोन वर्षं राहिलीत तुमची. शांतपणे बढती घ्या, नवीन क्वार्टरात जा, नातवंडं खेळवा.”

तिनं काय उत्तर दिलं असेल? ती म्हणाली, “बरं.” चहासुद्धा प्यायली. बिस्किट घेतलं नाही, एवढाच काय तो बाणेदारपणा. एकतीस वर्षं आयांना टोप्या काढायला लावणारी बाई एका कप चहावर गप्प झाली आणि जिना उतरून बसथांब्यावर येऊन उभी राहिली. दोन बसा तिनं सोडल्या. त्या भरलेल्या नव्हत्या.

मंगळवारी दुपारी तिनं कपाटातून केंद्राची जुनी झोळी काढली, काटा पिशवीत घातला आणि त्या बत्तिसांतल्या एकाच्या घरी, इस्त्रीवालीकडे गेली.

इस्त्रीवाली गल्लीच्या तोंडाशी, दोन इमारतींच्या मधल्या बोळात राहायची. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे पडदा, पडद्यामागे घर. साथीत लोक घरी बसले, घरी बसलेल्याला इस्त्री लागत नाही, तेव्हा हिचं टेबल सात महिने थंड होतं. आता परत कपडे येत होते. समारंभ सुरू झाले की आधी इस्त्रीवालीला कळतं.

तिचा मुलगा दीड वर्षाचा. दीड वर्षाचं पोर घरात दिसलं की आधी हातातलं सामान वर ठेवावं लागतं. हा मात्र कपड्यांच्या गाठोड्याला टेकून बसला होता आणि सिस्टरच्या पिशवीकडे पाहत होता. नुसता पाहत होता, हात काही पुढे येत नव्हता.

“वजन करायचंय,” सिस्टर म्हणाली.

“मागच्या महिन्यात केलंत की.”

“पुन्हा करायचंय. कपडे काढ त्याचे.”

“सगळे?”

“सगळे. टोपीपण.”

इस्त्रीवालीनं कपडे काढले. तिच्या खोलीत ऊब होती, सरकारी व्हरांड्यासारखा वारा नव्हता. पडद्याच्या दांडीला काटा अडकवला, झोळी लटकवली, सिस्टरनं स्क्रू फिरवून शून्य केलं. मूल झोळीत गेलं. रडलं नाही.

सात किलो सातशे.

सिस्टरनं काट्याला टिचकी मारून पुन्हा पाहिलं. तबकडीनं मत बदललं नाही. कार्डावर मागच्या महिन्याचा ठिपका आठ किलो आठशेवर होता, हिरव्या पट्ट्याच्या अगदी काठावर, पण हिरव्यात. ठिपका सिस्टरच्याच हातचा. छान गोल.

“पाकिटं कधी बंद झाली याची?”

“झाले तीन महिने. थंडी लागली तेव्हा. तुम्हीच म्हणालात, सुधारला, आता लाल नाही.” इस्त्रीवाली मुलाला बंडी चढवत होती. “मी म्हटलं, सिस्टर म्हणतायत तर सुधारला असेल. मला घरात तसा काही दिसत नव्हता.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तुम्ही शिकलेल्या.” तिनं मुलाचा हात बाहीतून ओढून काढला. “टोपी काढू का, असं विचारलं होतं मी तेव्हा. आधी तुम्हीच भांडायच्यात ना टोपीवरून, म्हणून. तुम्ही लांबूनच हात हलवलात. राहू दे म्हणालात.”

त्यात राग नव्हता. असता तर सिस्टरला काहीतरी उत्तर देता आलं असतं. इस्त्रीवालीनं मुलाला गाठोड्याशी टेकवलं, टेबलापाशी गेली आणि इस्त्रीला पाण्याचं बोट लावून पाहिलं. टेबलावर एक काळा कोट उलटा पसरला होता.

“हा साहेबांचा,” ती म्हणाली. “शुक्रवारपर्यंत द्यायचाय. काहीतरी मोठा कार्यक्रम आहे म्हणे.”

सिस्टरनं कार्डावर लाल पट्ट्यात ठिपका दिला, तारीख घातली आणि कंसात लिहिलं, ‘कपड्यांशिवाय’. केंद्रातून सात पाकिटं आणून दिली. पाकिटं देताना तिला आपण फार चांगलं काम करतोय असं वाटू लागलं, आणि मग तीन महिन्यांचे आठवडे किती होतात याचा हिशेब डोक्यात आपोआप झाला. ते वाटणं तिथेच थांबलं.

बुधवारी तिनं पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं. पहिला मसुदा तिच्या नवऱ्याच्या भाषेत उतरला: ‘वजनांबाबत काही तफावत झाली असण्याची शक्यता निदर्शनास आली आहे.’ त्या वाक्यात कुणी काहीच केलेलं नव्हतं, सगळं आपोआप झालं होतं. तिनं तो फाडला. दुसऱ्यात परिपत्रकाला दोष होता, तिसऱ्यात बाबूला. दोन्ही खरे होते आणि दोन्ही फाडले. चौथा पाच ओळींचा झाला. ‘मी अठरा महिने मुलांची वजने कपड्यांसकट लिहिली. ती चुकीची आहेत. पहिल्याच दिवशी मला हे माहीत होते. बत्तीस मुलांची यादी सोबत आहे. सर्व केंद्रांवर पुन्हा वजने घ्यावीत.’ खाली सही. एक प्रत साहेबांना, एक साहेबांच्याही वर. आवक-जावकच्या खिडकीत दोन्हींवर शिक्का मारून घेतला आणि पोच पर्समध्ये ठेवली. खिडकीतली मुलगी म्हणाली, “अभिनंदन हां सिस्टर, शुक्रवारी येतोय आम्ही सगळे.”

संध्याकाळी घरी आली तेव्हा सत्काराची रंगीत तालीम चालू होती. सासरे कोट घालून आरशासमोर उभे होते. मुलगा आईचे जुने फोटो जोडून एक चित्रफीत बनवत होता. त्यात सिस्टर पीपीई किटात होती, म्हणजे ती कुणीही असू शकली असती. सून बाळाला भरवत होती.

तिनं पोच टेबलावर ठेवली. सासऱ्यांनी चष्मा लावला. सरकारी कागद असल्यानं आधी शिक्का पाहिला, मग तारीख, मग मजकूर.

“हे काय केलंस?”

“लिहून दिलं.”

“अगं, पण आजच? शुक्रवार होऊ द्यायचा. सोमवारी द्यायचं. पत्राला काय पाय फुटतात?” ते खुर्चीत बसले, कोटासकट. “टपाल अजून उघडलं नसेल. त्या आवकवाल्याचा काका माझ्या हाताखाली होता. उद्या सकाळी जाऊन मी काढून आणतो.”

“दोन ठिकाणी दिलंय.”

“दोन?” हे त्यांना चुकीपेक्षा जास्त लागलं. “साहेबांना डावलून?”

“आई, जरा विचार कर,” मुलानं चित्रफीत थांबवली. तीही अशी थांबली की पडद्यावर सिस्टरचे डोळे मिटलेले राहिले. “तू एकटीनं खरी वजनं घेतलीस तर तुझंच केंद्र वाईट दिसणार. बाकीची चोवीस दुलईतच राहणार. उद्या पेपरात तुझं नाव येईल, त्यांचं नाही.”

“येऊ दे.”

“येऊ दे काय? चौकशी लागेल. पेन्शन अडकवतात ते लोक. आणि क्वार्टरचं काय?”

क्वार्टर हा शब्द आला तशी सून भरवायची थांबली. वाद तिनंच सुरू केला होता, तेव्हा काहीतरी बोलणं तिला भाग होतं. “मी काही म्हणत नाही, आई,” ती म्हणाली. “पण आपल्या बाळाचं तर ठीक आहे ना. डॉक्टरांनीच सांगितलं. मग आता आपण कशाला…” पुढचं तिनं चमच्याबरोबर बाळाच्या तोंडात घातलं.

“तिचंच ठीक आहे,” सिस्टर म्हणाली.

“लोकांची पोरं लोक बघतील,” सासरे म्हणाले. “एवढी दीड वर्षं बघितलीच की त्यांनी. एक मेलं का? दाखव मला एक.”

सिस्टरनं नवऱ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं संसार केलेल्या माणसाकडे पाहतात तसं नाही, व्हरांड्यात कुणी टोपीसकट मूल पुढे करावं आणि काढणार नाही म्हणावं, तेव्हा पाहायची तसं. त्यांनी कोटाचं वरचं बटण उघडलं, मग परत लावलं.

“तू साहेबांना ‘बरं’ म्हणाली होतीस ना?” मुलानं शेवटचा प्रयत्न केला. “परवा तूच सांगितलंस. मग त्यांनी सांगितलं तसं कर की. टप्प्याटप्प्यानं. कुणाचंच काही बिघडत नाही.”

“म्हणाले होते. चुकलं.”

बाळानं भात थुंकला. सुनेनं तो पुसला. सिस्टरनं पोच परत पर्समध्ये घातली, हात धुतले, आणि नळ बंद करून, पुसायचं फडकं हातात घेऊन, रोजचं दूध किती घ्यायचं हे सांगावं त्या आवाजात सांगितलं:

“शुक्रवारी मी समारंभाला जाणार नाही. बत्तीस मुलांना निरोप गेलेत, त्या दिवशी वजनं आहेत. घरातला हीटर मी केंद्रात नेणार आहे, पोरं उघडी करायची आहेत. बढती मिळणार नाही, आपण इथेच राहणार आहोत. आवकला कुणी जायचं नाही, कुणाला फोन करायचा नाही. मी साडेसहाला निघेन.”